‘गॅटाका’तला डॉक्टर आणि आपल्याकडचा रिपोर्ट

विट्याच्या एका नुकतंच लग्न झालेल्या तरुणाने विचारलं आहे: ‘गॅटाका’ हा १९९७चा इंग्रजी चित्रपट आम्ही दोघांनी पाहिला. त्यात डॉक्टर आई-बापांना भ्रूण निवडून देतो. माझा मेव्हणा, म्हणजे बायकोचा भाऊ, डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफीने (स्नायू हळूहळू निकामी करणाऱ्या आनुवंशिक आजाराने) विशीच्या आत गेला. तसं निवडणं आज सांगली-मिरजेकडे होतं का? आणि आम्ही ते मागितलं, तर आम्हीही त्या चित्रपटातल्या आई-बापांसारखेच ठरू का? आमचं लग्न नात्यातलं नाही, तरी धोका आहे का?

मी आयव्हीएफच्या, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीच्या, लॅबमध्ये एम्ब्रायोलॉजिस्ट आहे. बीज आणि शुक्राणू एकत्र आणायचे, पाच-सहा दिवस इन्क्युबेटरमध्ये भ्रूण सांभाळायचे आणि गरज असेल तर त्यांच्या काही पेशी काढून तपासणीला पाठवायच्या, हे माझं रोजचं काम. त्यामुळे त्या चित्रपटातल्या अंतराळयानापेक्षा क्लिनिकमधला छोटासा प्रसंग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. पण आधी तुमचा नात्याचा प्रश्न घेते, कारण तो गैरसमज आपल्याकडे घरोघरी आहे.

दक्षिण महाराष्ट्रात मामाच्या मुलीशी लग्न करायची रीत आहे. म्हणून मूल आजारी निघालं की पहिला प्रश्न येतो, “नात्यात केलंय का?” थॅलेसेमिया, एसएमए (मज्जातंतूंमुळे स्नायू दुबळे होण्याचा आजार), जन्मजात बहिरेपणाचे काही प्रकार यांच्या बाबतीत तो प्रश्न बरोबर आहे. तिथे आई आणि बाप दोघांकडून जनुकाची बिघडलेली प्रत आली तरच मूल आजारी होतं, आणि एकाच आजी-आजोबांच्या नातवंडांकडे तीच प्रत असण्याची शक्यता जास्त. डुशेनची गोष्ट निराळी. त्याचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. मुलग्याला एक्स एकच, तोही आईकडून, म्हणून एकच बिघडलेली प्रत पुरते. इथे बाप कुठला, कोणत्या घरातला, याला काही अर्थ नाही.

म्हणजे प्रश्न तुमच्या पत्नीचा आहे. डुशेन झालेल्या मुलांपैकी साधारण दोन तृतीयांश मुलांच्या आया वाहक असतात, म्हणजे स्वतः सहसा ठणठणीत, पण एका एक्सवर बिघडलेली प्रत बाळगणाऱ्या. बाकीच्यांत तो बदल त्या मुलातच नव्याने झालेला असतो. सासूबाई वाहक असतील तर तुमची पत्नी वाहक असण्याची शक्यता निम्मी. ती वाहक निघाली तर दर गर्भारपणात आजारी मुलगा होण्याची शक्यता चारात एक. एक बारकावा बरेच जण विसरतात. सासूबाईंच्या रक्तात काही सापडलं नाही, तरी पत्नीची तपासणी करायचीच. कधी कधी दोष आईच्या रक्तात नसतो, फक्त तिच्या काही बीजांत असतो.

आता चित्रपट. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. अँड्र्यू निकोलने लिहून दिग्दर्शित केलेली ही गोष्ट नजीकच्या भविष्यातली. व्हिन्सेंट नैसर्गिकरीत्या जन्मतो. काही सेकंदांत त्याच्या रक्ताच्या थेंबावरून नर्स वाचून दाखवते: मज्जासंस्थेचा विकार ६० टक्के, एकाग्रतेचा विकार ८९, हृदयविकार ९९, आणि आयुष्य ३०.२ वर्षं. बाप त्याला स्वतःचं नाव द्यायला निघालेला असतो, ते ऐकून बदलतो. दुसऱ्या मुलाच्या वेळी हे जोडपं डॉक्टरकडे जातं. पुढे व्हिन्सेंट दुसऱ्याच्या रक्त-लघवीच्या नमुन्यांवर अंतराळ संस्थेत नोकरी मिळवतो आणि शेवटी शनीच्या टायटन या चंद्राकडे निघतो. (हृदय कमकुवत असल्याचं लपवून हा माणूस इतरांबरोबर यानात बसतो, याबद्दल चित्रपट अवाक्षर काढत नाही. डॉक्टरी क्षेत्रातल्या माणसाला ते खुपतं.)

क्लिनिकमध्ये डॉक्टर पडद्यावर चार भ्रूण दाखवतो, दोन मुलगे आणि दोन मुली. मोठे आजार कुणातच नाहीत. मग तो सांगतो की टक्कल, अधू नजर, व्यसनाकडे कल, हिंसक स्वभाव असलं सगळं मी काढून टाकलं आहे. आई-बाप चपापतात. आजार नकोतच, पण बाकी थोडंफार नशिबावर सोडलं तर, असं ते चाचरत विचारतात. डॉक्टर त्यांना गोड बोलून गप्प करतो. मूल तुमचंच आहे, फक्त तुमच्यातलं उत्तम तेवढं घेतलेलं, असा त्याचा सूर.

हा प्रसंग पुन्हा नीट बघा. आई-बापांची यादी छोटी होती: आजार नको, डोळे-केस-त्वचेचा रंग अमुक, आणि थोरल्याला खेळायला भाऊ. बाकीच्या ओळी डॉक्टरने परस्पर घातल्या. माझ्या मते चित्रपटातला खरा नैतिक घोटाळा तिथे आहे. पेशंट मागतात म्हणून यादी वाढते असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात बहुतेक वेळा ती विकणारा वाढवतो.

विज्ञान म्हणून त्यातलं किती खरं? टक्केवारी बहुतांशी खोटी. चित्रपट आला तेव्हा मानवी जनुकसंचाचा आराखडासुद्धा पूर्ण वाचून झाला नव्हता, तो २००३ साली झाला. आणि तो वाचल्यावर कळलं ते उलटंच. हृदयविकार, उंची, बुद्धी यांच्यामागे शेकडो-हजारो जनुकांचा थोडाथोडा वाटा असतो, आणि आहार, तंबाखू, शाळा, बापाची मिळकत यांचा वेगळा. ९९ टक्के हृदयविकार असा आकडा जन्माच्या वेळी कुणी देऊ शकत नाही. तुमच्या मेव्हण्याचा आजार मात्र ज्या थोड्या आजारांत एक जनुक जवळजवळ सगळं ठरवतं, त्यांतला आहे. डिस्ट्रोफिन प्रथिनाचं हे जनुक माणसाच्या शरीरातल्या सगळ्यात लांब जनुकांपैकी एक, ७९ तुकड्यांचं. त्यातले काही तुकडे गळाले आणि पुढचं वाचन बिघडलं की मुलगा तीन-चार वर्षांचा असतानाच जिना चढायला अडखळतो, साधारण बाराव्या वर्षापर्यंत व्हीलचेअरवर येतो. पुढचं तुम्ही घरात पाहिलं आहे.

भ्रूण निवडीचं गणित तर चित्रपटाने हवेतच सोडलं आहे. दोन प्रतींपैकी एक यावी अशी साधी अट धरली, तरी दर अटीला भ्रूण निम्मे होतात. चारांतून मुलगा हवा म्हटलं की दोन उरले. आणखी एक अट घातली की एक. अशा दहा अटी घालायच्या तर हजारावर भ्रूण हवेत. लॅबमधली परिस्थिती सांगते. पस्तिशीच्या आतल्या बाईची १० ते १२ बीजं मिळाली तर आम्ही खूश असतो. त्यातली सात-आठ फलित होतात. पाचव्या-सहाव्या दिवशी ब्लास्टोसिस्ट (गर्भाशयात सोडण्याइतपत वाढलेला भ्रूण) म्हणण्याजोगे तीन-चार राहतात. त्यांच्या बाहेरच्या थरातून, ज्याची पुढे वार (प्लॅसेंटा) होते, पाच ते दहा पेशी लेझरने अलगद काढायच्या, भ्रूण गोठवून ठेवायचा, पेशी जनुकीय लॅबला पाठवायच्या. रिपोर्ट येतो तेव्हा डुशेनचा भ्रूण बाजूला पडतो, गुणसूत्रांची संख्या चुकलेला एखादा बाजूला पडतो. दोन उरले तर पेशंटला फोन करताना आपला आवाजच वेगळा लागतो. कधी एकही उरत नाही. घाऱ्या डोळ्यांची चर्चा करायला तिथे जागाच नसते.

परदेशात काही कंपन्या आता भ्रूणाला गुण देतात, मधुमेहाचे इतके, बुद्धीचे इतके. २०१९ साली ‘सेल’ या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासात हिशेब मांडला होता: दहा भ्रूणांतून उंचीसाठी सर्वांत वरचा निवडला, तर सरासरीपेक्षा अपेक्षित वाढ सुमारे अडीच सेंटिमीटर. आणि हे दहा भ्रूण हातात असतील तर. राहिला प्रश्न भ्रूणातलं जनुक कापून बदलण्याचा, म्हणजे त्या डॉक्टरच्या ‘काढून टाकलं’चा. २०१८ साली चीनमध्ये ‘हे जियानकुई’ नावाच्या संशोधकाने ते केल्याचं उघड झालं, त्या भ्रूणांतून जुळ्या मुली जन्मल्या, आणि त्याला तीन वर्षांची कैद झाली. भारतात त्याला मनाई आहे. कुणी तसं करून देतो म्हणाला तर सरळ उठून या.

तर तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: हो, ‘हा आजार नको’ एवढ्या एका ओळीची निवड होते. बीजं काढणं, भ्रूण वाढवणं, पेशी घेणं ही कामं आता मोठ्या शहरांपुरती राहिलेली नाहीत, पेशींची जनुकीय तपासणी मोठ्या शहरातल्या लॅबमध्ये होते. अशा निवडीतून पहिली बाळं १९९० साली लंडनमध्ये जन्मली, आणि तिथे कारण तुमच्यासारखंच होतं. एक्स गुणसूत्रावरचे आजार असलेली घरं. त्या वेळी जनुक थेट वाचता येत नव्हतं, म्हणून फक्त मुलींचे भ्रूण ठेवले गेले. आज नेमका बदल शोधता येतो, त्यामुळे निरोगी मुलगाही वाचतो.

आपला कायदा इथेच चित्रपटाच्या आड येतो, आणि ते योग्यच आहे. २०२१च्या एआरटी (आयव्हीएफसारख्या उपचारांच्या) कायद्यानुसार भ्रूणाची तपासणी घरात असलेल्या, माहीत असलेल्या आनुवंशिक आजारासाठी करता येते. मुलगा की मुलगी हे निवडता येत नाही. त्या चित्रपटातला डॉक्टर ‘आधी मुलगा की मुलगी ते ठरवू’ म्हणतो, ते वाक्य आपल्याकडे पीसीपीएनडीटी, म्हणजे लिंगनिवडीला बंदी घालणाऱ्या कायद्याखाली गुन्हा आहे, पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास. म्हणून आपल्याकडच्या रिपोर्टमध्ये एक्स-वायची माहिती झाकलेली असते.

आता यातला पेच ऐका, हा तुम्हाला चित्रपटात सापडणार नाही. समजा तुमचे तीन भ्रूण उरले. एक आजारी, एक पूर्ण निर्दोष, एक वाहक. वाहक म्हणजे मुलगीच, मुलग्यात वाहक हा प्रकार नाही. म्हणजे मी तुम्हाला नुसतं ‘हा वाहक आहे’ म्हटलं तरी लिंग सांगितल्यासारखं झालं. त्यामुळे तुमच्यापुढे बोलताना आजारी आणि बिनआजारी, ठेवण्याजोगा आणि न ठेवण्याजोगा, एवढीच भाषा शिल्लक राहते. मग ती वाहक मुलगी कोणत्या बाजूला? बहुतेक वाहक बायका ठणठणीत असतात. काहींना पुढे हृदयाच्या स्नायूंचा त्रास होतो, म्हणून त्यांनी अधूनमधून इको करून घ्यावा. तुमची पत्नी वाहक निघाली, तर ती स्वतः कशी आहे ते तुम्ही रोज पाहताच. तिच्यासारखीच असलेली मुलगी बाद करायची का? माझं मत स्पष्ट आहे: नाही. ती आजारी नाही. तिला मोठेपणी तिची तपासणी, तिचा निर्णय. पण ‘पुढच्या पिढीची कटकटच नको’ म्हणून वाहकही बाजूला ठेवा असं म्हणणारेही भेटतात, पेशंट म्हणूनही आणि व्यवसायातही. यादीची दुसरी ओळ अशी सुरू होते, अगदी शहाण्या कारणाने.

आणि आपल्याला याची जरा जास्तच भीती वाटायला हवी, कारण हा प्रयोग आपल्या भागाने एकदा करून झाला आहे. त्याला जनुकशास्त्र लागलं नाही. गर्भजल तपासणी भारतात १९७०च्या दशकात आली ती गर्भातले जन्मजात दोष ओळखायला. ती मुली शोधायला वापरली जाऊ लागली, आणि आता थोडा खर्च करा, पुढचा हुंडा वाचवा अशा अर्थाच्या जाहिराती झळकल्या. मग सोनोग्राफी आली. महाराष्ट्राने देशात सर्वांत आधी, १९८८ साली कायदा केला, केंद्राचा १९९४ साली झाला, आणि २००३ साली गर्भधारणेआधीची निवडही त्यात आली. तरी २००१च्या जनगणनेत सांगली जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८५१ मुली होत्या, २०११ साली ८६७. २०१७च्या मार्चमध्ये म्हैसाळला ओढ्याकाठी १९ भ्रूण पुरलेले सापडले, ते मिरज तालुक्यातच. साताऱ्यात २०११ साली जिल्हा प्रशासनाने नकुसा नावाच्या २८५ मुलींची नावं समारंभपूर्वक बदलली. व्हिन्सेंटचा बाप नाव बदलतो तो प्रसंग अमेरिकेतल्या प्रेक्षकाला भविष्यातला वाटला असेल.

गंमत म्हणजे आपल्या सांगली जिल्ह्यातच गोठ्यात उलटं चालतं. गाय भरवताना सेक्स्ड सीमेनच्या कांडीला जादा पैसे मोजतात, कारण कालवड हवी, गोऱ्हा नको. एक्स असलेल्या शुक्राणूत डीएनए किंचित जास्त असतो, त्यावरून मशीन ते वेगळे करतं आणि दहातल्या नऊ वेळा कालवडच होते. माणसाच्या शुक्राणूंसाठीही हेच तंत्र जमतं. २००३ साली कायद्याने त्याची दारं बंद केली. तंत्र गोठ्यात थांबलं आणि घरात आलं नाही, ते आपल्या संस्कारांमुळे नव्हे, कायद्यामुळे.

म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर सरळ आहे. भाऊ डोळ्यांदेखत गेलेल्या बाईने ‘हे माझ्या पोराच्या वाट्याला नको’ म्हणणं आणि टक्कल नको म्हणणं हे एकच आहे, असं मला वाटत नाही. अपंगांच्या हक्कांसाठी काम करणारे काही लोक यावर हरकत घेतात, की आजार टाळण्याच्या भाषेने जे आजारी जगत आहेत त्यांची किंमत कमी होते. ती हरकत मी झटकत नाही. भ्रूण तपासणीवर लाखांत खर्च करणाऱ्या समाजाने डुशेनच्या मुलाला शाळेत रॅम्प करून दिला नाही, तर ते बरोबरच म्हणतात. पण त्याचा भार तुमच्या पत्नीच्या खांद्यावर टाकणं मला पटत नाही.

तिच्याबद्दलच आणखी एक. चित्रपटात नोकरीची मुलाखत म्हणजे लघवीची बाटली. कायद्याने भेदभाव करता येत नाही, तरी सगळे करतात. आपल्याकडे ती मुलाखत कांदेपोह्यांच्या वेळी होते. पत्नी वाहक निघाली आणि ते भावकीत पसरलं, तर तिच्या धाकट्या बहिणीचं स्थळ मोडायला एक फोन पुरतो. बहिणीला मात्र हे कळायलाच हवं, कारण तिलाही तोच धोका आहे. तर रिपोर्ट आधी पत्नीच्या हातात, मग तिच्या इच्छेने तिच्या बहिणींपर्यंत, तिथेच पुरे. ‘तुमच्या घराण्यात दोष’ हे वाक्य तुमच्या आईच्या तोंडून येऊ नये, ही जबाबदारी तुमची. विम्याबद्दल एवढं सांगते की २०१८ साली दिल्ली उच्च न्यायालयाने जनुकीय आजार आरोग्यविम्यातून सरसकट वगळणं भेदभावाचं ठरवलं. अमेरिकेसारखा वेगळा कायदा, जो तिथे २००८ साली झाला, आपल्याकडे अजून नाही.

आता कामाचं. सासुरवाडीला मेव्हण्याची जुनी फाईल शोधा. सीपीकेचे (स्नायूंची झीज दाखवणाऱ्या रक्ततपासणीचे) आकडे, स्नायूची बायोप्सी असेल तर ती, आणि मुख्य म्हणजे डिस्ट्रोफिन जनुकाचा रिपोर्ट, ज्यात कोणते तुकडे गळाले ते लिहिलेलं असतं. तो सापडला तर पत्नीच्या रक्तात नेमका तोच बदल शोधता येतो आणि उत्तर पक्कं मिळतं. नाही सापडला तरी तिची तपासणी करता येते, फक्त एका चाचणीवर थांबायचं नाही. गळालेले किंवा दुप्पट झालेले तुकडे बघणारी एमएलपीए चाचणी निगेटिव्ह आली तर पूर्ण जनुक वाचून घ्यायचं. सासूबाईंचा नमुनाही द्या. भ्रूण तपासणीपर्यंत गेलात तर घरातल्या एकापेक्षा जास्त माणसांचं रक्त लागतं आणि तयारीलाच काही आठवडे जातात.

आयव्हीएफ हा एकच रस्ता नाही, हे आमच्यासारख्यांनी सांगायला हवं आणि आम्ही बऱ्याचदा सांगत नाही. नैसर्गिक गर्भधारणा होऊ देऊन ११ ते १३ आठवड्यांत वारेचा नमुना घेऊन गर्भ तपासता येतो, खर्च बराच कमी. आजारी निघाला तर गर्भपाताचा निर्णय घ्यावा लागतो, तो कायद्यात बसतो, पण सोसायचा तुमच्या पत्नीला आहे. कुणाला ते चालतं, कुणाला इंजेक्शनं आणि भूल परवडते. हे तिला विचारा, तेही सासू समोर नसताना. भ्रूण तपासणी केली तरी पेशी वारेच्या भागातल्या असतात आणि चूक क्वचित होते, म्हणून गर्भ राहिल्यावर पुन्हा खात्री करायला सांगतात. ते ऐका.

आणि तपासणीचा निकाल येईपर्यंत गर्भ राहू देऊ नका. पुण्या-मुंबईला जनुकीय समुपदेशकाची वेळ आधी घ्या, आयव्हीएफ सेंटरची नंतर. पत्नी वाहक नाही असं पक्कं निघालं, तर आमच्या लॅबची पायरी चढायचं कारणच उरत नाही. कुणी ‘आलाच आहात तर भ्रूण तपासूनच घेऊ’ म्हणालं, तर कशासाठी, हे त्यांच्याकडून कागदावर लिहून मागा.